चार इंच

नाना फार गोड माणूस होते असं मी लिहिणार नाही. माणूस गेला की त्याच्यावर लिहिणाऱ्याचा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो, आणि मला त्या प्रकाराची चीड आहे. नाना हट्टी होते, फटकळ होते. दुसऱ्याच्या पाठीवर नजर ठेवायची त्यांची खोड अशी होती की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी दोनदा संडासात जाऊन रडून आले. पण आज त्यांची आठवण निघाली की राग येतो तो त्यांचा नाही. ज्यांचा येतो त्यांच्यात मी आहे, म्हणून तो इतकी वर्षं विझत नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन अमळनेरहून धुळ्याला आले आणि एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. कचेरीचं नाव सांगत नाही. लागले म्हणजे एकोणतीस दिवसांच्या ऑर्डरीवर. एकोणतीस दिवस झाले की एक दिवस घरी बसायचं, मग नवी ऑर्डर, तीही साहेबांची मर्जी असेल तर. टायपिंगच्या खोलीत पाच मशीनं एका ओळीत. चार बायका आणि पाचवे नाना. नाना आमच्यात सर्वांत जुने, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले.

पहिल्या दिवशी मी टाइप करत होते. मागून पाठीला काहीतरी गार लागलं. वळून पाहिलं तर नानांनी फूटपट्टी माझ्या पाठीला उभी लावलेली, आणि पट्टी आणि पाठ यांच्यात किती फट राहते ते ते एक डोळा मिटून बघत होते. मी बावीस वर्षांची. असा प्रकार आमच्या घरी वडिलांनीसुद्धा केला नसता. मी काही बोलायच्या आत तेच बोलले. "मशीन सरकारनं शे, मान तुनी शे. सरकार नवं मशीन दी, मान कोन दी?" आणि पट्टी खिशात घालून जागेवर जाऊन बसले.

हे वाक्य पुढे मी हजार वेळा ऐकलं. नाना कचेरीत साहेबांशी शुद्ध बोलायचे, पण पाठ, मान, मनगट असा विषय निघाला की थेट अहिराणीत उतरायचे, कारण ती भाषा त्यांना जास्त खरी वाटत असावी. खिशात पट्टीबरोबर एक सुतळी असायची, तिला पाच गाठी. प्रत्येक गाठ म्हणजे आमच्यापैकी एकेकाच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर. कुणाची कुठली गाठ ते त्यांना पाठ होतं. स्टेन्सिल पूर्ण झाली की उभं राहायचं, खिडकीतून लांबचं झाड बघायचं, दोन्ही खांदे कानापासून खाली सोडायचे, असा त्यांचा कायदा. जी उभी राहणार नाही तिच्या मशीनची रिबन ते काढून घ्यायचे. मग रिबनसाठी त्यांच्यापुढे उभं राहावंच लागायचं.

बाहेरही तेच. एसटीत अनोळखी माणूस पोतं पाठीवर घेताना दिसला की "गुडघ्यातून वाक रे भो," म्हणून ओरडायचे. एका लग्नात पंगतीत बसलेल्या व्याह्याला त्यांनी नीट मांडी घालायला लावली आणि नवरीचा बाप हात जोडत त्याच्या मागे मागे फिरला. न्हावी त्यांची दाढी करायला नाखूश असायचा, कारण दाढी करून घेताना ते न्हाव्याच्याच उभं राहण्यावर बोलायचे. हे सगळं ऐकायला मजेचं आहे. रोज शेजारी बसून सोसायला नव्हतं. मला तर त्या काळात वाटायचं की हा माणूस एकदाचा रिटायर होईल तर बरं.

आता टेबलांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. कचेरीतली सगळी टेबलं एका मापाची. लिहायला ती बरोबर होती. पण लिहायच्या टेबलावर टाइपचं मशीन ठेवलं की त्याच्या कळा छातीशी येतात. हात वर धरून दिवसभर कळा ठोकायच्या म्हणजे खांदे कानाला लागलेले, मनगटं मोडलेली. मसुद्याचा कागद डाव्या बाजूला टेबलावर सपाट, म्हणून मान सतत डावीकडे आणि खाली. बसायला लाकडी स्टूल, त्याला पाठ नाही. टायपिंगचं टेबल बुटकं असतं हे माझ्या अमळनेरच्या क्लासमध्येसुद्धा ठाऊक होतं, तो क्लास एका गोठ्याशेजारच्या खोलीत चालायचा. सरकारला मात्र ते परवडत नव्हतं.

बरं, खुर्चीचं म्हणाल तर कचेरीत खुर्ची ही बसायची वस्तूच नव्हती. साहेबांना हाताची, गादीची, पाठीवर टर्किश टॉवेल टाकलेली. हेडक्लार्कला हाताची पण बिनगादीची. कारकुनांना बिनहाताची. टायपिस्टला स्टूल. शिपायाला दाराबाहेरचा बाक. कुणाची पाठ किती टेकणार हे त्याच्या पगारावर ठरलेलं. आणि बसायची पद्धतही ठरलेली. साहेब खोलीत आले की माणूस जरा वाकला पाहिजे, खांदे आवळले पाहिजेत, मान पुढे आली पाहिजे. त्याला तिथे नम्रपणा म्हणत. ताठ बसणारा माणूस उद्धट समजला जाई. मी स्वतः पाहिलंय, आमचा एक चांगला उंचापुरा कारकून साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना अर्धा व्हायचा आणि बाहेर आल्यावरही पुरता सरळ होत नसे.

नाना वाकत नसत. साहेब आले की उठून उभे राहायचे, हात जोडायचे, पण मान ताठ. साहेबांनी डावीकडून हाक मारली तर नुसतं तोंड न वळवता सगळ्या अंगानिशी वळायचे, दारासारखे. साहेबांना ते फार झोंबायचं. हेडक्लार्क आम्हाला सांगायचा की या म्हाताऱ्याची मग्रुरी एक दिवस त्याला नडणार. आम्हीही मान हलवायचो.

मग एकदा नानांचं पेन खाली पडलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी टेबलाला धरलं, पाठ सरळ ठेवून गुडघे मोडत खाली गेले आणि जमिनीकडे न बघता हाताने चाचपून पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या पायाशीच होतं, पण त्यांना ते दिसत नव्हतं. मी उचलून दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बहुतेक मला कळलंय हे त्यांना कळलं. त्यांची मान खाली जातच नव्हती. डावीकडे तर अजिबात नाही. तीस वर्षं त्या टेबलांवर डावीकडे बघून टाइप केल्यावर मानेचे मणके आखडून गेले होते; जळगावच्या एका डॉक्टरने फोटो काढून दाखवले होते म्हणे, आणि आता फक्त उरलेलं वाचवा असं सांगितलं होतं. मी विचारलं, साहेबांना सांगत का नाही. ते म्हणाले, साहेबाला मान दाखवायला साहेब काही डॉक्टर नाही. शिवाय हे कुणाला बोलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मग्रूर म्हटलेलं त्यांना चालत होतं, बिचारा म्हटलेलं नाही. असल्या अभिमानाचा मला आजही संताप येतो. दोन वाक्यं बोलले असते तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

माझ्या शेजारच्या मशीनवर अक्का बसायच्या. आम्हा बायकांत त्या थोरल्या, सोळा वर्षं त्याच स्टुलावर. त्यांचा उजवा खांदा वर जात नसे. साडीचा पदर डाव्या हाताने ओढायच्या, आणि वेणी त्यांची मुलगी घालून द्यायची. शाळेत जाणारी मुलगी आईला तयार करून मग स्वतः तयार व्हायची. अक्कांना त्याची लाज वाटे. माझंही हळूहळू सुरू झालं होतं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुपारनंतर बधिर व्हायचं. चहाचा कप एकदा हातातून सुटला तेव्हा नाना नुसतं बघत राहिले, बोलले नाहीत. एरवी बोलणारा माणूस गप्प बसला याचीच मला भीती वाटली.

बुटक्या टेबलांसाठी नानांनी अर्ज केले होते. एक नाही, किती तरी. उत्तर एकच यायचं, की फर्निचरचं माप ठरलेलं आहे आणि वेगळ्या मापाची तरतूद नाही. शेवटच्या उत्तरात हेडक्लार्कने आपल्या पदरचं एक वाक्य घातलं होतं, की टायपिस्टांनी आपल्या बसण्याची सवय सुधारावी. ते वाचून नानांनी कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. तो शनिवार होता.

सोमवारी सकाळी आम्ही खोलीत शिरलो तर सगळं काहीतरी चुकल्यासारखं दिसत होतं. टेबलं खाली गेली होती. रविवारी नानांनी त्यांच्या गल्लीतल्या सुतारचाचांना घेऊन, शिपायाकडून किल्ली मागून, पाचही टेबलांचे पाय चार चार इंच कापले होते. कापलेले वीस तुकडे कोपऱ्यात ओळीने लावून ठेवले होते, सरकारी मालमत्ता म्हणून. मसुद्यासाठी प्रत्येक मशीनच्या मागे एक उभी फळी ठोकली होती, म्हणजे कागद डोळ्यासमोर. नाना आपल्या जागेवर टाइप करत बसले होते आणि आमच्याकडे बघतही नव्हते.

मी बसले. हात कळांवर ठेवले. कोपरं अंगाशी राहिली, खांदे जिथे असायला हवेत तिथेच राहिले. त्याआधी मला माहीतच नव्हतं की टाइप करताना खांदे दुखत नाहीत अशीही काही गोष्ट असते. दुपारपर्यंत पाचही मशीनं अशी चालली की जावकचा कारकून बघायला आला.

तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत माझी बोटं दुपारनंतरही माझीच राहिली. आणि एका सकाळी अक्का वेडावाकडा अंबाडा घालून आल्या. सगळे केस एका बाजूला, दोन पिना लोंबत होत्या. त्यांनी तो स्वतः घातला होता. खोलीत शिरून त्या आमच्यासमोर एकदा गोल फिरल्या आणि मग मशीनवर बसल्या. नानांनी त्यांच्या अंबाड्याकडे बघितलं आणि म्हणाले की वाकडा आहे. अक्का हसल्या, मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

मग नाशिकहून तपासणीला वरचे अधिकारी आले. आमचे साहेब त्यांना खोल्या दाखवत आले, आणि एका पत्रावर बोट ठेवायला सवयीने माझ्या टेबलावर हात टेकायला गेले. टेबल होतं त्या जागी नव्हतं. साहेबांचा तोल गेला, आणि सावरायला त्यांना माझ्यापुढे चांगलं कमरेतून वाकावं लागलं. वरच्या अधिकाऱ्यांसमोर साहेब टायपिस्टसमोर वाकले. वरचे साहेब हसले. एवढंच झालं. चार इंचांचं एरवी कुणाला काही पडलं नव्हतं, तीन आठवडे साहेबांच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नानांना नोटीस मिळाली. सरकारी मालमत्तेची नासधूस, वरिष्ठांचा अवमान, परवानगीशिवाय कचेरीत प्रवेश. चौकशी लागली. नोकरीवरून काढून टाकण्यापर्यंत जाऊ शकते, असं हेडक्लार्क सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता. तेहतीस वर्षांची नोकरी. नाना एकच म्हणत होते की टेबलामुळे टायपिस्टांना इजा होत होती आणि मी ती थांबवली. म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं, इजा होत होती की नव्हती. आणि ते आम्ही चौघीच सांगू शकत होतो. तिघी कायम होत्या. चौथीची एकोणतीस दिवसांची ऑर्डर त्या आठवड्यात संपत होती.

हेडक्लार्कने मला बोलावून समोरच्या खुर्चीवर बसवलं. बिनहाताची का होईना, पण त्या कचेरीत मला मिळालेली पहिली खुर्ची. चहा मागवला. जबाब लिहून तयार होता. पूर्वीच्या टेबलाचा मला काही त्रास नव्हता, कोणतीही तक्रार नव्हती, टेबलं कापण्याबद्दल मला विचारलं नव्हतं. यातलं शेवटचं खरं होतं. त्याने ऑर्डरीचं नाव काढलं नाही. फक्त सही करण्याआधी घरचं कसं काय, वडील काय करतात, असं आपुलकीने विचारलं. मी सही केली. तीन आठवड्यांत बोटं बरी झाली होती, सही स्वच्छ आली.

चौकशीत साक्षीला मला एकटीलाच बोलावलं, बाकी तिघींना कुणी विचारलंच नाही. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क नानांना होता. मी समोर उभी होते. माझ्या हातातून पडलेला कप त्यांनी पाहिला होता. कप कसा पडला, बोटांना काय झालं होतं, एवढं जरी त्यांनी विचारलं असतं तरी माझा जबाब तिथेच फाटला असता. मी आदल्या रात्रीपासून त्याच प्रश्नाची वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर तो यावा असंही मला वाटत होतं. नाना सगळ्या अंगानिशी माझ्याकडे वळले.

"दुखस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

चौकशी अधिकाऱ्यांना वाटलं अजून प्रश्न आहेत. नाना म्हणाले, "संपलं साहेब. बाईंना जाऊ द्या, त्यांची ऑर्डर टाइप व्हायची असेल."

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, किती मोठ्या मनाचा माणूस. मला ते ऐकवत नाही. मोठं मन दाखवायची ती जागा नव्हती. त्यांनी मला खोटं पाडायला हवं होतं. मला वाचवून त्यांनी बाकीच्या तिघींचं काय केलं, हा विचार त्यांनी केला नाही. आणि मी करायला हवा होता तर मी ऑर्डरीचा केला.

नानांना काढलं नाही, तेवढी दया झाली. वेतनवाढ रोखली आणि उरलेल्या दिवसांसाठी पिंपळनेरला पाठवलं. तिथल्या कचेरीत टाइपचं मशीनच नव्हतं. रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायलींचे बस्ते उचलायचं काम, खाली बघावं लागणारं. ते तिथूनच निवृत्त झाले. निरोपाला मी गेले नाही. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हाही गेले नाही. मला पुढे कायम केलं. नव्वदीत कॉम्प्युटर आले तेही त्याच टेबलांवर ठेवले, आणि माझ्या गळ्यात डॉक्टरांनी पट्टा घातला तो अजून कपाटात आहे.

पण मला जे सांगायचंय ते नाना पिंपळनेरला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं आहे. हेडक्लार्कने एक मसुदा पाठवला, तातडीचा, तीन प्रती. कापलेल्या वीस तुकड्यांचं काय झालं कोण जाणे, पण टेबलांच्या पायांखाली विटा आणि वर फळीचा तुकडा लावून उंची पूर्ववत करावी, असा आदेश होता. आम्ही टाइप करत असतानाच शिपाई विटा आणून दाराशी रचत होता. मी कार्बन लावले आणि सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदात कारण दिलं होतं. पूर्वीच्या उंचीमुळे कोणताही त्रास होत नसल्याचे टंकलेखन शाखेतील कर्मचाऱ्याने स्वतः जबाबात नमूद केले आहे, सबब.

ते वाक्य मी टाइप केलं. एकही चूक न करता.

प्रती जुळवून देण्याचं काम अक्कांकडे असे. त्यांनी तिन्ही कागद हातात घेतले आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. त्या वाक्याशी बोट थांबलं. मला वाटलं आता त्या ओरडतील, निदान रडतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुले तरास नही व्हता," त्या म्हणाल्या. "आमले तं व्हता ना, पोरी."

मग त्यांनी कागदांना टाचणी लावली. शिपायाने त्यांचं टेबल एका बाजूने उचललं, विटा सरकवल्या, मग दुसऱ्या बाजूने. टेबल जरा डुगडुगलं. अक्का स्टुलावर बसल्या, खांदे वर घेतले, आणि पुढचा कागद मशीनला लावला.